विश्लेषण : मुलाच्या ऑपरेशनआधी ‘रात्री बारानंतर पाणीही नको’ हे कितपत योग्य? कशासाठी किती तास पोट रिकामे हवे?

“उद्या सकाळी ऑपरेशन आहे. रात्री बारानंतर पोराला काही देऊ नका.” बुलढाणा असो की मुंबई, लहान मुलाला शस्त्रक्रियेसाठी दाखल केलेल्या बहुतेक आईवडिलांच्या कानावर हे वाक्य पडते. केसपेपरवर ‘एनबीएम’ असे लिहिले जाते. त्याचा अर्थ, तोंडाने काहीही द्यायचे नाही. या एकाच वाक्यात भाकर, दूध आणि पाणी यांना एकच नियम लागतो. वैद्यकीय शास्त्र मात्र या तिघांना तीन वेगळ्या वेळा देते. पाण्याची वेळ तर शस्त्रक्रियेच्या दोन तास आधीपर्यंत, आणि आता अनेक देशांत एक तास आधीपर्यंत आली आहे. मग मुले बारा-चौदा तास तहानलेली का राहतात? कोणत्या पदार्थाला किती तास? आणि आईवडिलांनी नेमके काय विचारायचे?

भूल देताना पोट रिकामे का लागते?

जागेपणी अन्नाचा कण किंवा पाण्याचा थेंब श्वासनलिकेकडे गेला, तर ठसका लागतो आणि तो बाहेर फेकला जातो. पूर्ण भूल दिल्यावर हा ठसका आणि गिळण्याची क्रिया, दोन्ही थांबतात. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला झडपेसारखा स्नायूही सैल पडतो. अशा वेळी जठरातले अन्न किंवा आम्ल वर आले, तर ते फुप्फुसात उतरू शकते. अन्नाचा मोठा कण असेल तर श्वासमार्ग बंद होतो. आम्ल गेले तर फुप्फुसाला आतून इजा होते.

मुलांमध्ये असे क्वचितच घडते. पण घडले तर ते गंभीर ठरू शकते. म्हणून पोट रिकामे ठेवण्याच्या नियमाला पर्याय नाही. प्रश्न एवढाच आहे की पोट किती वेळात रिकामे होते. आणि त्याचे उत्तर पोटात काय गेले आहे, यावर अवलंबून आहे.

‘रात्री बारानंतर काही नाही’ हे आले कुठून?

या नियमाचे मूळ लहान मुलांमध्ये नाही, बाळंतिणींमध्ये आहे. न्यूयॉर्कमधील प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९३२ ते १९४५ या काळातील ४४,०१६ प्रसूतींच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी ६६ जणींच्या फुप्फुसात भुलीखाली पोटातला ऐवज गेला होता. त्यांतील दोघींचा मृत्यू झाला, आणि तो घन अन्नाने श्वास कोंडून झाला होता. प्रसूतीच्या कळा सुरू असताना जठर फार हळू रिकामे होते. त्यातच तेव्हाची भूल ही मुख्यतः तोंडावर मास्क धरून दिली जात असे.

या अभ्यासानंतर भूलशास्त्रात सावधगिरी वाढली, आणि ती योग्यच होती. पण पुढच्या दोन-तीन दशकांत तिचे रूपांतर सरसकट नियमात झाले. सकाळी शस्त्रक्रिया म्हणजे मध्यरात्रीपासून सारे बंद. सांगायला सोपा, लक्षात ठेवायला सोपा आणि यादीतला क्रम बदलला तरी अडचण न आणणारा. त्यामुळे तो टिकला. बाळंतिणीसाठीची खबरदारी चार वर्षांच्या मुलालाही लागू झाली.

खरे तर त्याआधी असे नव्हते. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे जनक मानले जाणारे ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांनी १८८० च्या दशकातच वेगळा सल्ला दिला होता. क्लोरोफॉर्म देताना पोटात घन अन्न नसावे, पण साधारण दोन तास आधी कपभर चहा दिलेला हितकारक, असे त्यांचे म्हणणे होते. अन्न आणि द्रव यांत फरक करायचा, हे सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वीच सुचवले गेले होते.

पाणी आणि भाकर यांचे तास वेगळे का?

जठर ही नुसती पिशवी नाही. ते घन अन्न घुसळून त्याचा बारीक लगदा करते आणि मगच थोडे थोडे पुढे आतड्यात ढकलते. त्याला काही तास लागतात. तेल-तूप जास्त असेल तर आणखी वेळ जातो. पाण्याला घुसळण्याची गरज नसते. प्यायलेल्या पाण्यातले निम्मे साधारण पंधरा-वीस मिनिटांत जठरातून पुढे गेलेले असते.

दूध मधल्या गटात येते. दिसायला ते पातळ आहे, पण जठरातल्या आम्लात गेल्यावर गाय-म्हशीचे दूध फाटते आणि त्याच्या गुठळ्या होतात. म्हणून त्याला जवळपास हलक्या जेवणाइतका वेळ धरतात. आईच्या दुधाच्या गुठळ्या मऊ आणि बारीक असतात, त्यामुळे ते लवकर पुढे सरकते.

आणखी एक गोष्ट. उपाशी ठेवले म्हणून जठर कोरडे होत नाही. लाळ आणि पाचकरस तयार होतच राहतात. १९८६ मध्ये कॅनडातील कॅलगरी येथे मोठ्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, शस्त्रक्रियेच्या अडीच तास आधी १५० मिलिलिटर पाणी प्यायलेल्यांच्या जठरात पूर्ण उपाशी राहिलेल्यांपेक्षा कमी द्रव सापडला. दोन तासांनंतर पाण्याचा उपास लांबवून पोट अधिक रिकामे होत नाही. मूल मात्र अधिक तहानते.

कशाला किती तास?

अमेरिकन भूलतज्ज्ञ संघटनेने १९९९ मध्ये मांडलेले आणि नंतर वेळोवेळी सुधारलेले तास जगभर प्रमाण मानले जातात. भूल देण्याच्या वेळेपासून मागे मोजायचे.

• स्वच्छ द्रव (पाणी, साखरपाणी) : २ तास
• आईचे दूध : ४ तास
• गाय, म्हैस, शेळी किंवा पिशवीचे दूध, पावडरचे दूध : ६ तास
• हलके खाणे (टोस्ट, साधा भात, बिस्कीट) : ६ तास
• तळलेले, तुपकट किंवा मांसाहारी जेवण : ८ तास

हे किमान तास आहेत. म्हणजे जेवणाचे सहा तास सात झाले तर बिघडत नाही, चार झाले तर चालत नाही. पाण्याच्या बाबतीत मात्र मुलाला दोन तासांच्या फार आधीपासून तहानलेले ठेवू नये, असे या संघटनेने २०२३ च्या सुधारणेत स्पष्टपणे सांगितले आहे. भारतीय भूलतज्ज्ञ संघटनेनेही २०२० मध्ये मोठी माणसे, गर्भवती आणि मुले यांच्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. विनाकारण लांबलेला उपास टाळावा, हे त्यांचेही सूत्र आहे.

स्वच्छ द्रव म्हणजे नेमके काय?

ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. काचेच्या पेल्यात तो द्रव ओता आणि पेल्यामागे वर्तमानपत्र धरा. अक्षरे वाचता आली तर तो स्वच्छ द्रव.

चालेल : साधे पाणी, साखरपाणी, ग्लुकोजचे पाणी, ओआरएस, गाळलेले लिंबूपाणी, बिनदुधाचा कोरा चहा. स्वच्छ गाळलेले नारळपाणीही या गटात धरतात, मात्र भूलतज्ज्ञांना विचारून.

चालणार नाही : दुधाचा चहा, पाणी घालून पातळ केलेले दूध, ताक, लस्सी, भाताची पेज, वरणाचे पाणी, उसाचा रस, कैरीचे पन्हे, गर असलेला संत्र्या-मोसंबीचा रस.

सर्वाधिक गल्लत चहाची होते. ‘नुसता घोटभर चहाच दिला’ असे सांगितले जाते. पण चहात दूध पडले की तो दुधाच्या गटात जातो आणि त्याला सहा तास लागतात. त्यात बिस्कीट बुडवले असेल तर ते खाणे झाले. शेगावची कचोरी तर तळलेल्या पदार्थांत मोडते. दाखल होण्याच्या वाटेवर मुलाचा हट्ट म्हणून ती दिली असेल, तर वेळेसह सांगितली पाहिजे.

‘उपाशी’ आणि ‘उपास’ यांत घोळ कसा होतो?

हा घोळ आपल्या भाषेतला आणि आपल्या घरातला आहे. ‘मुलाला उपाशी आणा’ हे वाक्य दोन टोकांनी ऐकले जाते.

एका घरात ते ‘उपास’ असे ऐकले जाते. उपासाला साबुदाण्याची खिचडी, केळी, दूध, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाणे हे सारे चालते. त्यामुळे आजी मोठ्या मायेने सकाळी केळे भरवते. भुलीच्या हिशेबात साबुदाण्याची खिचडी हे शेंगदाणे आणि तूप घातलेले पूर्ण जेवण आहे. देवाच्या उपासाला काय चालते, याचा भुलीशी संबंध नाही.

दुसऱ्या घरात तेच वाक्य ‘निर्जळी’ असे ऐकले जाते. मग तान्ह्या बाळालाही रात्रभर थेंब दिला जात नाही. काही आया तर बाळासोबत स्वतःही उपाशी राहतात. याची गरज नाही. अंगावर पाजणाऱ्या आईने नेहमीसारखे जेवावे आणि पाणी प्यावे. नियम बाळाच्या पोटाला आहे, आईच्या पोटाला नाही.

म्हणून ‘उपाशी’ या शब्दावर विसंबू नये. शेवटचे खाणे किती वाजता आणि शेवटचे पाणी किती वाजता, या दोन वेळा घड्याळाच्या काट्यानुसार मागून घ्याव्यात.

जास्त वेळ तहानलेले ठेवले तर काय बिघडते?

मोठ्या माणसाला एक रात्र काढणे जड जात नाही. लहान मुलाचे शरीर वेगळे चालते. वजनाच्या मानाने त्याला पाणी आणि ऊर्जा जास्त लागते आणि यकृतातला साखरेचा साठा मात्र लहान असतो.

हिशेब करून पाहू. मुलांना रोज किती द्रव लागतो, हे काढण्याचे १९५७ पासूनचे एक सूत्र डॉक्टर आजही वापरतात. पहिल्या १० किलो वजनासाठी ताशी किलोमागे ४ मिलिलिटर आणि पुढच्या १० किलोंसाठी किलोमागे २ मिलिलिटर. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ताशी ५० मिलिलिटर. रात्री आठला जेवून पाणी प्यायलेल्या या मुलाची शस्त्रक्रिया सकाळी नऊला झाली, तर १३ तासांत ६५० मिलिलिटरची गरज साचते. यादी पुढे सरकत दुपारचे बारा वाजले, तर ८०० मिलिलिटर, म्हणजे जवळपास चार पेले. लघवी कमी करून शरीर यातले काही वाचवते. पण तूट राहतेच.

या तुटीचे परिणाम दिसतात ते असे :

• मूल चिडचिडे होते, रडते, घाबरते. भूल देण्याआधी त्याला शांत करणे कठीण जाते.
• शिरा बारीक होतात. सलाईनची सुई लावायला दोन-तीनदा टोचावे लागू शकते.
• भूल दिल्यावर रक्तदाब घसरण्याची शक्यता वाढते, विशेषतः तान्ह्या बाळांत.
• साखर कमी पडली की शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात कीटोन वाढतात.

जर्मनीत ३६ महिन्यांखालील मुलांवर झालेल्या अभ्यासांत, उपासाचे तास नेमके पाळले तेव्हा कीटोन कमी आढळले आणि भूल देतानाचा रक्तदाबही अधिक स्थिर राहिला. म्हणजे पाणी देणे हा केवळ मायेचा प्रश्न नाही, सुरक्षिततेचाही आहे.

दोन तासांवरून एक तास कसा झाला?

स्वीडनमधील उप्साला येथील रुग्णालयात मुलांना शस्त्रक्रियागृहात बोलावणे येईपर्यंत स्वच्छ द्रव पिऊ दिले जात असे. तिथल्या डॉक्टरांनी १०,०१५ भुलींच्या नोंदी तपासल्या आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पोटातला ऐवज फुप्फुसात जाण्याचे प्रकार तीन होते. मृत्यू एकही नव्हता.

त्यानंतर २०१८ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपातील बालभूलतज्ज्ञांच्या संघटनांनी संयुक्त निवेदन काढले. नियोजित शस्त्रक्रियेआधी निरोगी मुलांना एक तास आधीपर्यंत स्वच्छ द्रव प्यायला द्यावे, त्यासाठी प्रोत्साहन द्यावे, असे त्यात म्हटले होते. प्रमाण किलोमागे ३ मिलिलिटरपर्यंत, म्हणजे १५ किलोच्या मुलाला ४५ मिलिलिटर. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी पाण्यासाठी एक तास, आईच्या दुधासाठी तीन तास आणि इतर दुधासाठी चार तास अशी मर्यादा आणली.

अमेरिकन संघटना मात्र दोन तासांवरच थांबली आहे. एक तासाच्या बाजूने पुरेसा पुरावा नाही, असे तिचे मत आहे. त्यामुळे भारतातही रुग्णालयागणिक नियम वेगळा असू शकतो. वाद एक तास की दोन तास एवढाच आहे. बारा तासांच्या बाजूने यांपैकी कोणीच नाही.

बुलढाणा जिल्ह्यात हा प्रश्न अधिक महत्त्वाचा का?

पहिले कारण अंतर. जिल्ह्यात १३ तालुके आहेत. सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या संग्रामपूर, जळगाव जामोद या तालुक्यांतून घाट चढून बुलढाणा शहर गाठायला बराच वेळ जातो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी तर अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूरपर्यंत जावे लागते. गावातून पहाटेची गाडी पकडायची असेल, तर मूल रात्री लवकर जेवते, झोपते आणि तसेच उठवून नेले जाते. नियम बाराचा असला तरी त्याचा उपास रात्री सात-आठपासूनच सुरू झालेला असतो.

दुसरे कारण ऊन. एप्रिल-मेमध्ये घाटाखालच्या खामगाव, शेगाव, नांदुरा, मलकापूर पट्ट्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. शाळेला सुट्टी म्हणून अनेक आईवडील मुलांच्या नियोजित शस्त्रक्रिया याच काळात करून घेतात. त्या उकाड्यात, वाहनात दोन-तीन तास बसलेल्या मुलाचे पाणी घामावाटेही जाते.

तिसरे कारण यादी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी करतात. दुभंगलेले ओठ-टाळू, जन्मजात मोतीबिंदू, वाकडी पावले, जन्मजात हृदयरोग असलेली १८ वर्षांपर्यंतची मुले त्यातून उपचारांसाठी पुढे पाठवली जातात. एकाच दिवशी अनेक मुलांच्या शस्त्रक्रिया असल्या की सर्वांना रात्री बारापासूनच उपाशी ठेवले जाण्याची शक्यता असते. पहिल्या मुलाचा नंबर नऊला लागतो, शेवटच्याचा दुपारी दोनला. मध्येच तातडीचे सिझेरियन आले तर आणखी उशीर. उपास मात्र सगळ्यांचा एकाच वेळी सुरू झालेला असतो.

चौथे कारण सिकलसेल. विदर्भात हा आजार आढळतो. अशा मुलाच्या शरीरात पाणी कमी झाले तर लालपेशींचा आकार बदलून त्या लहान रक्तवाहिन्यांत अडकतात आणि तीव्र वेदना सुरू होतात. त्यामुळे सिकलसेल असलेल्या मुलाला तहानलेले ठेवणे थेट धोक्याचे आहे. हे भूलतज्ज्ञांना आधीच सांगावे. अनेकदा अशा मुलांना आदल्या रात्रीपासूनच सलाईन लावले जाते.

२०२४ मध्ये सुरू झालेल्या राज्यातील दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत बुलढाण्याचाही समावेश आहे. पण या बदलाला मोठे यंत्र किंवा नवी इमारत लागत नाही. केसपेपरवर ‘एनबीएम’ ऐवजी दोन वेळा लिहाव्या लागतात आणि यादी लांबली की वॉर्डातल्या सिस्टरला निरोप द्यावा लागतो.

घड्याळ कसे लावायचे?

समजा, भूल सकाळी नऊ वाजता आहे आणि रुग्णालयात दोन तासांचा नियम आहे.

चार वर्षांचे मूल : रात्री नेहमीसारखे साधे जेवण. झोपण्यापूर्वी दूध घेतले तरी चालते. पहाटे तीननंतर दूध किंवा खाणे नाही. सकाळी साडेसहा वाजता उठवून पाणी किंवा साखरपाणी द्यावे. सात वाजता थांबावे.

चार महिन्यांचे, अंगावर पिणारे बाळ : शेवटचे पाजणे पहाटे पाचपर्यंत संपवावे. त्यासाठी साडेचारचा गजर लावावा. बाळ झोपलेले असले तरी जागे करून पाजावे. पाचनंतर काय द्यायचे, हे आधी विचारून ठेवावे. सहा महिन्यांखालील बाळाला एरवी पाणी देत नाहीत. पण डॉक्टरांनी सांगितले, तर सातपर्यंत उकळून गार केलेल्या पाण्यातले साखरपाणी चमच्याने देता येते.

बाटलीने वरचे दूध पिणारे बाळ : शेवटची बाटली पहाटे तीनपर्यंत. नंतर फक्त डॉक्टरांनी सांगितलेले स्वच्छ द्रव, सातपर्यंत.

नंबर दुपारी बारावर गेला तर पाण्याची वेळही दहापर्यंत पुढे सरकते. पण हे घरच्यांनी आपल्या मनाने ठरवू नये. सिस्टरला विचारून मगच द्यावे, कारण कधी कधी नंबर पुन्हा अलीकडेही येतो. तान्ह्या बाळांचा नंबर शक्यतो यादीत पहिला ठेवतात. ठेवलेला नसेल तर तशी विनंती करायला हरकत नाही.

कोणत्या मुलांना हे तास लागू नाहीत?

वरचे सर्व तास नियोजित शस्त्रक्रियेसाठी आणि एरवी निरोगी असलेल्या मुलांसाठी आहेत. पुढील परिस्थितीत भूलतज्ज्ञ वेगळा निर्णय घेतात :

• अपघात, हाड मोडणे, तीव्र पोटदुखी, अपेंडिक्स, आतड्याला अडथळा. दुखणे, भीती आणि वेदनाशामक औषधे यांमुळे जठराचे काम मंदावते. कितीही तास झाले तरी पोट भरलेले आहे, असे धरूनच भूल दिली जाते.
• वारंवार उलट्या होणे किंवा अन्न घशाशी येण्याचा त्रास.
• मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, नळीवाटे अन्न घेणारे मूल, सेरेब्रल पाल्सी.

अपघात झालेल्या किंवा तीव्र पोटदुखी असलेल्या मुलाला रुग्णालयात नेत असताना वाटेत काहीही देऊ नये, पाणीसुद्धा. काय द्यायचे ते तपासणीनंतर डॉक्टर सांगतील. रोजची औषधे, उदाहरणार्थ फिट्सची, परस्पर बंद करू नयेत. ती अनेकदा घोटभर पाण्यासोबत द्यायला सांगितली जातात.

चुकून खाल्ले तर काय करायचे?

मूल रडते म्हणून कोणी हातात बिस्कीट ठेवते. शेजारच्या खाटेवरचा डबा उघडतो आणि मूल घास घेते. असे घडू शकते. अडचण पुढे येते. डॉक्टर रागावतील, नंबर जाईल, पुन्हा गाडीभाडे आणि बुडालेली मजुरी, या भीतीने घरचे गप्प राहतात.

सांगितले तर फार तर उशीर होतो. लपवले तर भुलीखाली मुलाच्या जिवाला धोका होतो. काय खाल्ले, किती खाल्ले आणि किती वाजता, एवढे सांगितले की भूलतज्ज्ञ मार्ग काढतात. काही तास थांबता येते, यादीत नंबर मागे घेता येतो. काही ठिकाणी सोनोग्राफीने जठरात काय आहे, हेही पाहता येते. खाण्याची वेळ ठाऊक असणे हीच त्यांच्यासाठी सर्वांत महत्त्वाची माहिती असते.

च्युइंगम आणि चॉकलेटच्या गोळ्याही सांगण्याच्या यादीत येतात. दाखल झालेल्या मुलाच्या खिशात आणि उशीखाली एकदा पाहून घ्यावे.

शस्त्रक्रियेनंतर केव्हा द्यायचे?

लहान शस्त्रक्रिया असेल आणि मूल पूर्ण जागे झाले असेल, तर सहसा मागेल तेव्हा घोटभर पाण्याने सुरुवात करतात. तान्ह्या बाळाला लवकर अंगावर घेता येते. मूल नको म्हणत असताना बळजबरीने पाजू नये, त्याने उलटी होण्याची शक्यता वाढते. पोटाच्या किंवा आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र सर्जन सांगेपर्यंत काहीही देऊ नये. टाळूच्या शस्त्रक्रियेनंतर काय आणि कसे भरवायचे, याच्या सूचना वेगळ्या असतात.

आदल्या दिवशी कोणते प्रश्न विचारायचे?

प्रत्येक मुलाचा अंतिम निर्णय त्याला तपासणारे भूलतज्ज्ञच घेतात. इंटरनेटवर वाचलेले तास त्यांच्या सूचनेऐवजी वापरू नयेत. पण सूचना मोघम असेल तर नेमकी मागण्याचा हक्क आईवडिलांना आहे. त्यासाठी सहा प्रश्न पुरेसे आहेत :

१. भूल साधारण किती वाजता दिली जाईल आणि यादीत कितवा नंबर आहे?
२. शेवटचे खाणे आणि वरचे दूध किती वाजेपर्यंत?
३. अंगावरचे दूध किती वाजेपर्यंत?
४. पाणी किंवा साखरपाणी किती वाजेपर्यंत, आणि किती?
५. नंबर लांबला तर पुन्हा पाणी देता येईल का, आणि ते कोणाला विचारायचे?
६. रोजचे औषध द्यायचे की नाही?

उत्तरे कागदावर किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावीत आणि रात्री मुलाजवळ जो थांबणार असेल, त्या आजीला, काकाला किंवा मावशीला ती दाखवावीत. सूचना एकाने ऐकलेली असते आणि पहाटे मुलाजवळ दुसरेच कोणी असते, त्यातूनही चुका होतात. गावातल्या आशाताईंना किंवा अंगणवाडी सेविकेला या वेळा माहीत असल्या, तर पहाटेच्या गाडीत बसण्याआधी मुलाला पाण्याचा पेला मिळू शकतो.